नर्सिंगचं पहिलं वर्ष : आधी ऊती पक्क्या करा

नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना मी नेहमी सांगते, ॲनाटॉमीचं पुस्तक उघडल्या उघडल्या २०६ हाडांच्या मागे लागू नका. आधी ऊती पक्क्या करा. ऊती म्हणजे मिळून एक काम करणाऱ्या पेशींचे समूह, आणि त्यांचे प्रकार चारच आहेत: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. प्रत्येक अवयव यांच्याच मांडणीतून बनतो. समोरच्या ऊतीला तिथे काम काय आहे, एवढं विचारत गेलात की रचना पाठ करावी लागत नाही.

अभिस्तर ऊतीच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. फुप्फुसाच्या वायुकोशातून प्राणवायू झटकन आरपार जायला हवा, म्हणून तिथे एकच पातळ थर. त्वचेला घासणं सोसायचं असतं, म्हणून तिथे थरावर थर. लावणीच्या दिवसांत तापाचा रुग्ण आला आणि लेप्टोची, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका असली, की आम्ही त्याचे पाय नीट बघतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचांना भेगा. जंतूला आत शिरायला तेवढी फट पुरते.

खरा गोंधळ उडतो तो संयोजी ऊतीपाशी. रक्त, हाड, चरबी, कूर्चा हे सगळं एकाच गटात कसं? कारण इथे पेशी विखुरलेल्या असतात आणि गुण ठरतो तो त्यांच्यामधल्या आधारकावर, म्हणजे पेशींमधली जागा भरणाऱ्या पदार्थावर. रक्तात तो द्रव असतो, हाडात कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेला, कूर्चेत टणक पण लवचीक. मासळीबाजारात जाल तेव्हा सुरमईचा काटा आणि लहान मोरीचा, म्हणजे शार्कचा, कणा दोन्ही हातात घेऊन बघा. मोरीचा सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे सुरी दाबली की कापला जातो. घरी मटण आणलं तर नळीच्या टोकावरचा निळसर पांढरा, गुळगुळीत थर बोटाने चाचपा; सांध्यातली कूर्चा ती हीच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की सहसा भरून येत नाही. हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधांनाही रक्तपुरवठा कमीच. शेवाळलेल्या जांभ्यावरून घसरून मुरगळलेला घोटा आठवडेच्या आठवडे दुखतो, तो त्यामुळेच.

स्नायूंचं महत्त्व पहिलं इंजेक्शन देताना कळतं. सुई त्वचा आणि चरबी ओलांडून दंडाच्या स्नायूत जाते, तिथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने औषध लवकर शोषलं जातं. इन्सुलिन मात्र चरबीच्या थरातच द्यायचं. चेता ऊतीसाठी सुरुवातीला चेतापेशीची एक स्वच्छ आकृती पुरे.

तोंडी परीक्षेला हृदयाच्या स्नायूची स्लाइड हमखास येते. पट्टे दिसले म्हणून लगेच कंकाल स्नायू, म्हणजे हाडांना जोडलेला स्नायू, म्हणू नका. तंतूंना फांद्या फुटल्यात का, केंद्रक मधोमध आहे का आणि दोन पेशींच्या सांध्यावर आडवी गडद रेघ आहे का, ते आधी बघा. कंकाल स्नायूत केंद्रकं पुष्कळ असतात आणि ती कडेला असतात.