प्रोसेसर आटोक्यात, बोर्ड तापलेला: ओव्हरक्लॉकिंगमधल्या या चुका टाळा

नागपुरात मी पीसी जोडून देतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. उन्हाळा लागला की एकाच साच्यातले पीसी माझ्या टेबलावर येऊ लागतात. बी ४५० किंवा बी ५५० चिपसेटचा मधल्या किमतीचा मदरबोर्ड, त्यावर सहा किंवा आठ कोअरचा एएमडीचा रायझन प्रोसेसर, आणि मालकाने कुठलातरी व्हिडिओ बघून रात्रीतून उरकलेलं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर किंवा मेमरी ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. कोणाचा पीसी गेम खेळताना बंद पडतो, कोणाचा कॉपी करताना अडकतो, कोणाचा सुरूच होत नाही. मुळाशी चुका त्याच असतात. एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) रायझन २०१७ साली आले, म्हणजे ही मंडळी आता जुनी झाली, पण सेकंडहँड बाजारात आजही हेच बोर्ड भरपूर फिरतात. म्हणून लिहून ठेवतो.

खोक्यावरचे फेज मोजून बोर्ड घेणं

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

एसएमपीएसकडून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला हवे असतात साधारण १.२. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला बसलेलं व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं सर्किट, करतं. ते हा भार फेज नावाच्या समांतर तुकड्यांत वाटून घेतं. प्रत्येक फेजमध्ये वरचा आणि खालचा असे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) असतात आणि एक चोक (प्रवाह सारखा करणारी कॉइल). १२ वरून १.२ वर यायचं तर वरचा मॉसफेट एक दशांश वेळ चालू असतो आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ खालचा राबतो. म्हणून बऱ्याच बोर्डांवर खालच्या बाजूला दोन-दोन मॉसफेट दिसतात.

आता हिशेब करा. रायझन ५ ३६०० वर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो ८८ वॉटपर्यंत ओढू शकतो. १.२ व्होल्टला ते झाले सुमारे ७३ अँपिअर. चार फेज असतील तर प्रत्येकी १८. त्याच बोर्डावर १४२ वॉटचा भार आला, तर प्रत्येक फेजवर जवळजवळ ३० अँपिअर. मॉसफेटमध्ये वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे भार दीडपटीच्या थोडा वर गेला तरी ही उष्णता अडीच पटीच्या पुढे जाते. मधल्या किमतीच्या बोर्डाचा दम इथेच लागतो. आरजीबी दिव्यांचा किंवा खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांचा इथे काही उपयोग नाही.

बोर्डावर आठ चोक दिसले म्हणजे आठ फेज, असं मुलं धरून चालतात. अनेकदा कंट्रोलर (फेजना हुकूम देणारी चिप) चारच फेज चालवतो आणि प्रत्येकाला दोन चोक समांतर जोडलेले असतात. भार वाटला जातो, त्यामुळे ते अगदीच फुकट नाही, पण खऱ्या आठ फेजच्या आणि चांगल्या पॉवर स्टेजच्या (वरचा-खालचा मॉसफेट एकाच चिपमध्ये) बोर्डाशी त्याची बरोबरी करू नका. मी कंट्रोलरचा आणि मॉसफेटचा नंबर शोधून वाचतो. ते जमत नसेल, तर बोर्ड उलटा करून हीटसिंक स्क्रूने कसला आहे की प्लास्टिकच्या पिनांनी अडकवला आहे, तेवढं तरी पाहा. पिनांवरचा हीटसिंक मॉसफेटवर नीट दाबून बसत नाही, असं मला वारंवार दिसलंय.

फक्त प्रोसेसरचं तापमान बघणं

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक मुलगा पीसी घेऊन आला. रायझन ७ ३७००एक्स, चार फेजचा बी ४५० बोर्ड, आणि नवा कोरा २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. एक्स्पोर्ट लावला की वीस-पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत, मग अचानक माउससुद्धा सरकेना, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पहिल्यासारखं, थोड्या वेळाने परत तेच.

"भाऊ, प्रोसेसर तर ऐंशीच्या वर जातच नाही, मंग हे अडकते काऊन?"

त्याने विंडोज दोनदा नव्याने टाकून पाहिलं होतं. मग ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला, मग एसएमपीएस बदलला. लग्नसराई तोंडावर, दोन पार्ट्या फोन करून विचारतायत, आणि पोराचा चेहरा उतरलेला.

मी एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून व्हीआरएमची ओळ शोधली आणि त्याच्यासमोर एक्स्पोर्ट लावला. ९०, १००, १०९. आकडा ११८ ला टेकला आणि आठही कोअर एका झटक्यात साडेपाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास आले. बोर्डाने स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा गळा आवळला होता. मी केसचं झाकण काढलं आणि टेबलफॅन सॉकेटच्या डाव्या कोपऱ्यावर धरला. काही मिनिटांत आकडा नव्वदच्या खाली आला आणि एक्स्पोर्ट पुन्हा धावू लागला.

झालं होतं असं. प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या कूलरचा पंखा हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे व्हीआरएमलाही वारा लागतो. लिक्विड कूलरमध्ये सॉकेटवर फक्त पंप असतो आणि पंखे पुढे रेडिएटरवर. म्हणजे महागडा कूलर घेतला आणि व्हीआरएमचा वारा गेला. वर मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला गुणणारा आकडा) ४३ वर, म्हणजे वेग ४.३ गिगाहर्ट्झवर, ठेवून व्होल्टेज 'ऑटो' वर सोडलेलं. बोर्ड बिचारा १.४ च्या वर देत बसला होता.

मी जुन्या एसएमपीएसमधला ८० मिलिमीटरचा पंखा काढून झिपटायने व्हीआरएमच्या हीटसिंकसमोर बांधला आणि वेग ४ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज १.२ केलं. त्याच्या ४५ मिनिटांच्या एक्स्पोर्टला तीन मिनिटं जास्त लागू लागली, पण तो पूर्ण होऊ लागला. ती लग्नसराई त्याने त्याच पीसीवर काढली.

माझी सवय सांगतो. बोर्ड पारखायचा तर दुपारी दोन वाजता, खोलीतला कूलर बंद करून, केसचं झाकण लावून, निदान अर्धा तास पूर्ण भार द्यायचा. दहा मिनिटांच्या सिनेबेंचवर (वेग मोजणाऱ्या चाचणीवर) माझा विश्वास नाही. हीटसिंक हळूहळू तापतो आणि खरा आकडा वीस मिनिटांनंतर दिसतो. खोलीचं तापमान वहीत लिहायचं, कारण डिसेंबरात २० डिग्रीला पास झालेली सेटिंग मे महिन्यात ४० ला पास होईलच असं नाही. व्हीआरएम ९५ च्या वर गेलं की मी वेग उतरवतो. मॉसफेट त्याहून जास्त सोसतो हे मला माहीत आहे, पण शेजारचे कॅपॅसिटर दर दहा डिग्रीला ढोबळमानाने निम्मं आयुष्य गमावतात. काही स्वस्त बोर्डांवर हा सेन्सरच नसतो. तिथे मी मल्टिमीटरची तापमान मोजणारी थर्मोकपल वायर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चोकजवळ चिकटवतो.

व्होल्टेज ऑटोवर सोडून मल्टिप्लायर वाढवणं

वर आलंच आहे, पण आकडा लक्षात ठेवा. वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. १.२ वरून १.४ वर गेलात, तर वेग तोच असला तरी खर्च ३६ टक्क्यांनी वाढतो. रायझन ५ ३६०० वर हे करून मिळतं काय? हा प्रोसेसर आपला आपण सगळ्या कोअरवर ४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि एका कोअरवर ४.२ पर्यंत जातो. तुम्ही सगळे कोअर ४.२ वर बांधलेत, तर पाच टक्क्यांच्या आसपास मिळतं. आणि ज्याचा सिलिकॉन ४.१ लाच थांबतो, त्याने उलट एका कोअरचा वेग घालवला. ठरावीक व्होल्टेज द्यायचंच असेल तर मी १.३ च्या वर जात नाही. व्हिडिओतल्या माणसाने १.३७५ दिलं होतं, असं मला सांगू नका. त्याचा प्रोसेसर त्याचा, तुमचा तुमचा.

एका क्लिकमध्ये ओव्हरक्लॉक करून देणारी बोर्डाची सॉफ्टवेअर तर मी काढूनच टाकतो. ती वेग वाढवण्याआधी व्होल्टेज ओततात.

मेमरी आणि प्रोसेसर एकदम वाढवणं

या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. ३२०० ची डीडीआर४ मेमरी मी ३८०० वर नेली, फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा रस्ता) १९०० वर, आणि त्याच रात्री प्रोसेसरही वाढवला. सिनेबेंच पास, गेम पास, झोपलो. तीन महिन्यांनी बाबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो उघडले, तर कित्येक फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी. मूळ कार्ड केव्हाच रिकामं केलेलं. बॅकअप होता, पण तो त्याच पीसीवरून घेतलेला, त्यामुळे त्यातही तेच राखाडी फोटो. फाइल कॉपी होताना मेमरीतून जाते. तिथे एक बिट उलटला की डिस्कवर तोच उलटा बिट कायमचा लिहिला जातो, आणि विंडोज एका शब्दाने तक्रार करत नाही. पीसी बंद पडला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवून एकटी मेमरी. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा डीओसीपी (मेमरीत साठवलेली तिच्या पूर्ण वेगाची सेटिंग) चालू करायचं, नाहीतर ३२०० ची मेमरी २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. मग रात्रभर मेमटेस्ट८६, आणि सकाळी विंडोजमध्ये टेस्टमेम५. एकही चूक आली तर ती चूकच. "एकच तर आली" हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलंय आणि माझं उत्तर बदललेलं नाही. हे पार पडल्यावरच प्रोसेसरला हात लावायचा. रायझन ३००० आणि ५००० वर फॅब्रिक आणि मेमरी एकास एक चालणं महत्त्वाचं, आणि डीडीआर मेमरीचा खरा क्लॉक लिहिलेल्या आकड्याच्या निम्मा असतो, म्हणून ३६०० च्या मेमरीला १८०० चं फॅब्रिक हे बहुतेक बोर्डांना झेपणारं ठिकाण आहे. त्यापुढचे दोनशे मिळवायला लोक आठवडे घालवतात. घालवायचे असतील तर महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या पीसीवर हलवून मग घालवा.

दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. दोन वेगवेगळ्या किटच्या मिळून चार स्टिक लावल्या असतील, तर जास्त वेगाची अपेक्षाच ठेवू नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या

एएमडीच्या ए ३२० आणि ए ५२० चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेलच्या बी ६६० वरही के मालिकेतला (ओव्हरक्लॉकला मोकळा) प्रोसेसर घेऊन मल्टिप्लायर वाढत नाही, त्याला झेड चिपसेट लागतो. बोर्ड विकत घेण्याआधी हे वाचा, नंतर नाही.

बेस क्लॉक १०० वरच राहू द्या. तो हलवला की बऱ्याच बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस आणि त्यावरची एसएसडीसुद्धा हलते.

लोडलाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर पडणारं व्होल्टेज सावरणारी सेटिंग) सर्वांत कडक पातळीवर ठेवू नका. भार सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसत नाही. मी मधली पातळी घेतो. काही कंपन्यांत १ म्हणजे सर्वांत कडक आणि काहींत सर्वांत सैल असतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाचा आकडा उचलून आपल्या बोर्डावर टाकू नका.

५६०० किंवा ५६००एक्सवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) एकदम उणे ३० वर टाकून "माझा तर चालतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पूर्ण भारावर तो चालतोच. पडतो तो रात्री, काहीच काम नसताना, जेव्हा एखादा कोअर क्षणभर वर उडी मारतो. कोअरसायकलरने एकेक कोअर तपासा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद दिसली की त्या कोअरचा आकडा पाच-पाचने मागे घ्या.

बायोस अपडेट करताना आधी सगळं ओव्हरक्लॉकिंग काढून मूळ सेटिंग घाला, आणि यूपीएस लावा. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की वीज सांगून जात नाही. अर्धवट लिहिलेली चिप प्रोग्रामरने पुन्हा भरण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.

प्रत्येक बदलानंतर बायोसच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि एका वेळी एकच आकडा बदला.

पीसी सुरूच होईना झाला तर घाबरून बोर्ड विकायला काढू नका. वीज काढा, एसएमपीएसचं बटण बंद करा, केसचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा, आणि सीएमओएस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) पुसण्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा-पंधरा सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. ग्राफिक्स कार्ड सेलवर आलं असेल तर ते आधी उतरवा. नंतरचा पहिला स्टार्ट मिनिटभर काळ्या पडद्याचा असू शकतो, कारण बोर्ड मेमरी नव्याने जुळवत असतो. त्या मिनिटात पॉवर बटणाला हात लावू नका.