आवारात पवनचक्की उभी करायची असेल तर

मृग लागला की सोलरवाल्या कारखानदारांचे फोन यायला लागतात. "छपरावर पॅनल आहेत, पण पावसात युनिटं निम्म्यावर आली. आणि इथं सड्यावर, या जांभ्याच्या उघड्या पठारावर, वारा असा सुटलाय की पत्रे उचलतायत. एक पवनचक्की लावून टाकूया का?" प्रश्न रास्त आहे. ढगांमुळे सोलर जेव्हा मार खातं, नेमका तेव्हाच नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो. दोघांची जोडी जमली तर छान जमते. पण गोव्यात ती थोड्याच जागी जमते, आणि आपली जागा त्यातली आहे का, हे पत्र्यांच्या आवाजावरून ठरत नाही.

मी पेडण्याचा, विजेच्या कामांचा ठेकेदार. तुये, थिवी, पिळर्ण, डिचोली इथले छोटे कारखाने, काजूचे, बर्फाचे, बेकरीचे, ही माझी रोजची गिऱ्हाइकं. माझं मत आधीच सांगतो. छपरावर मोकळी जागा उरली असेल तर पहिला पैसा सोलरमध्ये घाला. पवनचक्कीचा विचार त्यानंतर, आणि तोही वारा मोजून झाल्यावर. साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहून आलेल्या माणसाला हे पटत नाही. पण ते पठार सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, ती यंत्रं प्रचंड उंच आहेत. आपले सडे त्या मानाने बुटके, आणि आपल्याला परवडणारा टॉवरही बुटका.

आपल्याकडे वारा केव्हा असतो

जून ते ऑगस्ट पावसाळी वारा रात्रंदिवस असतो, मधूनमधून झोडपतो. नवरात्रानंतर तो पडतो. थंडीत रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा येतो, पण तो मंद, चक्कीच्या फारसा कामाचा नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारचा खारा वारा वायव्येकडून चढतो आणि दिवस मावळला की उतरतो.

आता हे वेळापत्रक तुमच्या बिलाशेजारी ठेवून बघा. बर्फाचा कारखाना किंवा शीतगृह असेल तर मोटर रात्रंदिवस चालते, वारा केव्हाही आला तरी वीज जागच्या जागी खपते. बेकरीची भट्टी आणि मिक्सर मध्यरात्रीनंतर चालतात, त्यामुळे उन्हाळ्यातला दुपारचा वारा तिच्या कामाचा नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलाचं गणित तर उलटंच बसतं. पाहुण्यांची गर्दी डिसेंबर-जानेवारीत, आणि वारा तेव्हाच सर्वांत ढिला. म्हणून पहिलं काम म्हणजे गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून कोणत्या महिन्यात किती युनिटं जळली ते एका कागदावर मांडा. शक्य असेल तर मीटरचं वाचन आठवडाभर दर दोन तासांनी कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा.

कॅटलॉगमधला आकडा आणि हातात पडणारी युनिटं

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, वेग निम्मा झाला तर आठवा हिस्सा. पवनचक्कीचं सगळं बरंवाईट या एका नियमात आहे.

3 मीटर व्यासाची पाती घ्या. ती फिरताना साधारण 7 चौरस मीटरचा वारा अडवतात. असं यंत्र बाजारात 2 किलोवॅटचं म्हणून मिळू शकतं, पण तो आकडा सेकंदाला 11-12 मीटर वाऱ्याचा, म्हणजे ताशी 40 किलोमीटरच्या आसपासचा. तुमच्या टॉवरच्या उंचीवर वर्षाची सरासरी सेकंदाला 3 मीटर असेल तर हे यंत्र वर्षाला जेमतेम 450 युनिटं देईल. सरासरी 4 मीटर असेल तर 1,100 च्या आसपास, आणि 5 मीटर असेल तर 2,100. वारा नेहमीसारखा कमीजास्त होतो आणि यंत्र-इन्व्हर्टर मिळून वाऱ्यातल्या शक्तीचा पाव हिस्सा हाती लागतो, असं धरून केलेला हा हिशेब आहे. आपल्याकडे छपरावरचं एक किलोवॅट सोलर वर्षाला साधारण 1,400 युनिटं देतं, तेही टॉवर न उभारता. म्हणजे सरासरी 4 मीटरच्या खाली असेल तर विषय तिथेच मिटवा. 5 मीटरच्या वर असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे.

विक्रेता समोर बसलेला असताना एक पडताळा करता येतो. पात्यांनी अडवलेलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला वाऱ्याच्या वेगाच्या घनाने गुणा, आणि आलेल्याला 0.58 ने गुणा. आपल्या उष्ण हवेत तेवढे वॅट त्या वाऱ्यात असतात. त्यातले जास्तीत जास्त 59.3 टक्केच कोणत्याही यंत्राला काढता येतात. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1919 मध्ये दाखवून दिलेली ही मर्यादा आहे, तिला पळवाट नाही. उभ्या आसाची, 2 मीटर उंच आणि दीड मीटर रुंद चक्की घ्या. क्षेत्र 3 चौरस मीटर. सेकंदाला 4 मीटर वाऱ्यात तिच्यासमोर एकूण 111 वॅट येतात, आणि निसर्ग त्यातले 66 पेक्षा जास्त देणार नाही. कॅटलॉगमध्ये त्याच वाऱ्याला 300 वॅट लिहिले असतील तर चहा पाजा आणि निरोप द्या. उभ्या आसाच्या चक्क्या दिसायला सुबक असतात, दिशा बदलली तरी फिरत राहतात, हे खरं. पण हिशेब त्यांनाही हाच.

वारा मोजायचा कसा

आधी फुकटचं बघून घ्या. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आहेत, आणि जागतिक बँक व डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठाचा ग्लोबल विंड ॲटलास इंटरनेटवर खुला आहे. त्यात आपलं गाव शोधा. मात्र त्या नकाशाचा एक चौकोन 250 मीटरचा असतो. तुमच्या कुंपणावरचा आंबा आणि शेजाऱ्याची गोदामाची भिंत त्याला दिसत नाही. नकाशा तुम्हाला "नाही" म्हणायला पुरेसा आहे, "हो" म्हणायला पुरत नाही.

मग जाणत्या माणसांना विचारा. आमच्या गावात एक रेंदेरमामा आहेत, माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढण्यात त्यांचा जन्म गेला. सड्याच्या कडेच्या एका जागेबद्दल त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाबा, त्या माडांवर एप्रिलात दुपारनंतर चढताना झावळ घट्ट धरावी लागते. खाली तुला कळायचंसुद्धा नाही." जमिनीवर उभं राहून वारा अजमावणाऱ्याने हे वाक्य लक्षात ठेवावं.

त्यानंतर पतंग. हे पोरखेळ वाटेल, पण फार उपयोगी आहे. मोठा पतंग घ्या, दोऱ्याला दर तीन मीटरवर रंगीत कापडाची हातभर फीत बांधा आणि ज्या जागी टॉवर उभा करायचा त्या जागेवरून उडवा. वरच्या फिती एका रेषेत सरळ ताणलेल्या दिसतील. खाली येता येता एका ठरावीक उंचीपासून त्या गरागरा फिरायला, उलटसुलट फडफडायला लागतात. तिथून खालचा वारा फाटलेला आहे. पाती त्या उंचीच्या बरीच वर हवीत. फाटक्या वाऱ्यात युनिटं कमी मिळतात आणि बेअरिंगं लवकर जातात.

इथवर चित्र बरं दिसलं तरच यंत्रावर खर्च करा. तीन वाट्यांचा वेगमापक, दिशादर्शक आणि दर दहा मिनिटांची सरासरी साठवणारा लॉगर घ्या. जीआय पाइपाला तणावाच्या तारा देऊन वेगमापक चक्की बसवायच्या उंचीवर, पाइपाच्या टोकावर लावा. आडव्या दांडीवर लावायचाच असेल तर दांडी चांगली लांब हवी, नाहीतर पाइपाचाच आडोसा होतो. जमलं तर दहा मीटरवर दुसरा मापक लावा. दोन आकड्यांवरून उंचीबरोबर वारा किती वाढतो ते कळतं. उघड्या माळावर 10 मीटरवरून 20 मीटरवर गेलं की शक्ती तिसऱ्या हिश्श्याने वाढते, झाडाझुडपांच्या भागात त्याहून बरीच जास्त. पाच मीटर टॉवर वाढवायचा की मोठं यंत्र घ्यायचं, हा निकाल इथे लागतो, आणि बहुतेक वेळा तो टॉवरच्या बाजूने लागतो.

मोजमाप पूर्ण वर्षाचं हवं. फक्त जुलैचे आकडे घेऊन बाराने गुणलं तर स्वतःचीच फसवणूक होते. वर्ष झालं की आपले आकडे हवामान खात्याच्या पणजी किंवा मुरगावच्या नोंदींशी ताडून बघा, म्हणजे यंदाचा पावसाळा नेहमीसारखा होता का ते समजेल. आणि हिशेब करताना सरासरी वेगाचा घन करू नका. दर दहा मिनिटांच्या वेगाचा घन करून मग सरासरी काढा. दोन्ही उत्तरांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

जागा आणि टॉवर

ठोकताळा असा, की पात्यांचं खालचं टोक शंभर मीटरच्या आतल्या सगळ्या गोष्टींपेक्षा निदान नऊ-दहा मीटर वर हवं. आता माडच वीस-बावीस मीटरचा असतो. म्हणजे भाटात (माडांच्या बागेत) किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला ज्यांचा कारखाना आहे, त्यांनी हा विचार सोडावा. आठ मीटर उंचीच्या शेडमागे वारा दीडशे मीटरपर्यंत ढवळलेला राहतो. सड्याची कड उत्तम, पण उतार हळूहळू चढणारा हवा. चिरेखाणीने सरळ कापलेल्या कडेवर वारा आपटून फाटतो.

शेडच्या छपरावर चक्की बसवू नका. पत्र्याच्या शेडचे ट्रस त्या थरथरीसाठी बांधलेले नसतात, आणि छपरावरचा वारा नेमका फाटलेलाच असतो. टॉवर जमिनीवर, स्वतंत्र पायावर. आडवा करून खाली घेता येणारा टॉवर मिळाला तर तोच घ्या, दुरुस्तीला क्रेन लागत नाही. भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर धरलेला आहे. तो धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायाचं डिझाइन सही-शिक्क्यानिशी करून घ्या.

किनाऱ्यापासून जवळ असाल तर गंज हाच मोठा शत्रू. टॉवर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, नटबोल्ट 316 ग्रेडचं स्टेनलेस, जंक्शन बॉक्स पूर्ण बंद. आकाशातल्या विजेचंही तसंच. वळवाचा गडगडाट एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात होतो, आणि सड्यावर सर्वांत उंच वस्तू तुमचा टॉवर असेल. जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंग पावसात मोजून समाधान मानू नका, मेमध्ये मोजा. एकाने भागत नसेल तर दोन-तीन खड्डे घेऊन पट्टीने जोडा.

जोडणी

सोलर आणि पवनचक्की यांतला मुख्य फरक इथे आहे. सोलरचा स्विच पाडला की पॅनल गप्प उन्हात बसून राहतं. पवनचक्कीवरचा भार अचानक काढला तर ती मोकाट सुटते, फेरे वाढत जातात, पाती निखळू शकतात. आपल्याकडे सर्वांत जोरदार वारा आणि वीज जाणं ही बहुधा एकाच वेळी होतात. मे 2021 मधल्या तौक्ते वादळात खांब आणि तारा कशा आडव्या झाल्या होत्या ते आठवा. ग्रिडला, म्हणजे वीज खात्याच्या लाइनला, जोडलेला इन्व्हर्टर लाइन गेल्यावर स्वतःहून बंद होतो, लाइनमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. त्या क्षणी चक्कीची वीज जिरवायला वेगळे हीटर हवेत, आणि त्याशिवाय एक यांत्रिक ब्रेक. दोन्ही असल्याशिवाय मी चक्की जोडणार नाही. लाइन गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, तो खर्च सुरुवातीलाच धरा.

परवानग्या

वीज खात्याला अर्ज करून लेखी उत्तर घ्या. नेट मीटरिंगची (ग्रिडला दिलेली युनिटं बिलातून वजा होण्याची) चौकट सोलर धरून आखलेली आहे, त्यामुळे त्याच जोडणीवर चक्की चालेल का आणि ग्रिडला दिलेल्या युनिटांचं काय, हे तोंडी आश्वासनावर सोडू नका. ग्रिडला द्यायचंच नाही, सगळी वीज आतच खपवायची, अशी मांडणी केली तर काम सोपं होतं. औद्योगिक वसाहतीत असाल तर औद्योगिक विकास महामंडळ, बाहेर असाल तर पंचायत. भरतीरेषेजवळ असाल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. मोपाच्या परिसरात उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला, दाबोळीच्या परिसरात नौदलाचा. शेजारी घरं असतील तर निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, ती लक्षात घेऊन टॉवरची जागा ठरवा. शेजाऱ्यांना आधीच भेटून सांगा.

ऑर्डर देताना

कोटेशनमध्ये यंत्र, टॉवर, पाया, केबल, इन्व्हर्टर, हीटर, अर्थिंग आणि उभारणी वेगवेगळी लिहून घ्या. आयईसी 61400-2 या छोट्या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे झालेल्या चाचणीचा अहवाल मागा, आणि त्यातली वेग-शक्तीची आलेखरेषा घेऊन तिच्यात तुमचे स्वतःचे मोजलेले आकडे घाला. विक्रेत्याने काढलेली वर्षाची युनिटं आणि तुमची युनिटं जवळपास जुळली पाहिजेत. देखभालीचा करार मेच्या पहिल्या पंधरवड्यात तपासणी होईल असा करा. टॉवर खाली घेऊन पात्यांच्या कडा, बोल्ट, बेअरिंग, ब्रेक, तणावाच्या तारा बघायच्या आणि मिठाचा थर गोड्या पाण्याने धुवायचा. आणि रकमेचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा पार पडून, चक्कीच्या स्वतंत्र मीटरवरचे जून ते ऑगस्टचे आकडे हातात आल्यावरच द्यायचा, हे ऑर्डरमध्येच लिहा.