गन सेफची चावी घरात ठेवायची कुठे? आधी स्वतः चोर होऊन बघा

सेफ घेताना आपण पत्रा किती जाड ते बघतो, दाराला बोल्ट किती ते मोजतो, चार माणसं लावून ती घरात आणतो, आणि मग तिची चावी टाकतो मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये. झालं. आता सेफ दीडशे किलोची असू दे नाहीतर तीनशे, चोराच्या दृष्टीने तिची ताकद त्या मोज्यांएवढीच.

हे मी दुसऱ्यांना हसायला लिहीत नाहीये, मी स्वतः जवळपास हेच केलेलं. माझी चावी कपाटाच्या तिसऱ्या ड्रॉवरच्या तळाला बाहेरून टेपने चिकटवलेली होती आणि मला वाटायचं काय डोकं चालवलंय आपण. एकदा मेहुणा राहायला आला होता, बोलता बोलता विषय निघाला तर त्याला म्हटलं चल दहा मिनिटं देतो, घड्याळ लावतो, शोधून दाखव. पठ्ठ्या बैठकीच्या खोलीत थांबलाच नाही, सरळ बेडरूममध्ये गेला. ड्रॉवर खालून वर उघडत आला, कारण वरून सुरुवात केली तर खालचा बघायला वरचा बंद करावा लागतो आणि त्यात वेळ जातो. पहिले दोन गुपचूप उघडले, तिसरा ओढला तर चर्र आवाज आला, कारण टेपचं एक टोक सुटून खाली घासत होतं. म्हणाला, "बाकीचे गप्प आहेत, हाच का बोलतोय?" आणि हात खाली घालून चावी काढली. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

आता ह्याच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. अमेरिकेत यूएल नावाची संस्था घरगुती तिजोऱ्या तपासते, तिच्या सगळ्यात खालच्या लेव्हलच्या टेस्टमध्ये एक माणूस हातोडी, स्क्रूड्रायव्हर, कटावणी असली साधी हत्यारं घेऊन ५ मिनिटं दाराशी झटतो, तेवढ्यात उघडलं नाही तर सेफ पास. म्हणजे दार फोडण्यापेक्षा माझी चावी शोधणं सोपं होतं, आणि मेहुण्याकडे कटावणीपण नव्हती.

त्यामुळे पहिलं काम हेच करा. घरातल्या किंवा अगदी विश्वासातल्या कोणाला तरी घड्याळ लावून चावी शोधायला लावा. (आधी बंदूक आणि काडतुसं कायद्यात बसेल अशा दुसऱ्या ठिकाणी ठेवा किंवा सरळ एखादी फालतू चावी लपवून खेळ करा, नाहीतर परीक्षेच्या नादात भलत्यालाच खरी जागा कळायची.) फ्रेमच्या मागे, कुंडीखाली, जुन्या कोटाच्या खिशात, पुस्तकाच्या आत, फ्लशच्या टाकीत, फ्रीजरमध्ये, ह्या जागा तुम्हाला सुचल्या तशा चोरालाही सुचतात, त्याचा तर धंदाच आहे तो. आणि नवीन जागा सापडली तरी ती जागा चुगली करते. कपाटाच्या माथ्यावर सगळीकडे धूळ आणि एका कोपऱ्यात चार बोटांएवढी स्वच्छ जागा, म्हणजे पाटीच लावली ना तिथे.

माझं मत आता असं झालंय की लपवणं हा उपायच नाही. एकतर चावी असूच नये, नाहीतर ती तुमच्या अंगावर असावी, आणि हे दोन्ही जमत नसेल तर ती सेफच्याच तोडीच्या कुलपात असावी. ह्या तिन्हीच्या अध्येमध्ये जे काही आहे ते मनाचं समाधान.

शेवटचं जरा कडक वाटेल, पण जर्मनीतली केस ऐका. एका माणसाच्या बंदुका नियमाप्रमाणे चांगल्या सेफमध्ये होत्या. चाव्या त्याने साधारण ४० किलोच्या, आकड्यांच्या कुलपाच्या एका लहान स्टीलच्या कपाटात ठेवलेल्या, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा भारीच की. तो बाहेर असताना चोर आले, त्यांनी ते लहान कपाट फोडलं, आतून चाव्या घेतल्या आणि मोठी सेफ रीतसर चावीने उघडून दोन पिस्तुलं आणि काडतुसं नेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय कोर्टाने सांगितलं की चावी जिथे ठेवाल ती जागाही बंदुकीच्या सेफएवढ्याच सुरक्षेची पाहिजे. त्या माणसाचा परवाना वाचला, कारण तोवर एवढं स्पष्ट कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्यानंतर तिथल्या लोकांनी धडाधड चावीची कुलपं काढून नंबरची बसवायला घेतली, कारण चावीसाठी सेफ, मग त्या सेफच्या चावीसाठी आणखी एक सेफ, ह्याला अंत कुठे.

तेव्हा पहिला पर्याय हाच, नंबरचं कुलूप. बऱ्याच सेफचं चावीचं कुलूप काढून त्याजागी डायल किंवा कीपॅड बसतो, सेफचं काम करणाऱ्या माणसाला बोलावून विचारा, रस्त्यावरच्या चावीवाल्याला नको. डायलला बॅटरीची कटकट नाही पण उघडायला वेळ लागतो आणि अंधारात वैताग येतो. कीपॅड पटकन उघडतो, आणि चांगल्या कीपॅडची बॅटरी संपली तरी कोड पुसला जात नाही, बॅटरी बदलली की जुनाच कोड चालतो, लोक उगाच घाबरतात.

पण नंबर घेतला म्हणजे सुटलो असं नाही. कंपनीतून येताना जो कोड सेट असतो (१२३४५६ टाइपचा, तीन आकडी डायलला बहुतेक वेळा ५०-५०-५०) तो पहिल्याच दिवशी बदला, दार उघडं ठेवून तीन-चारदा नवीन कोड चालतोय का बघा आणि मगच दार लावा. फाइनमन हे नाव ऐकलं असेल, नोबेलवाले भौतिकशास्त्रज्ञ, ते दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला असताना टाइमपास म्हणून सहकाऱ्यांची कपाटं उघडायचे. एकाचा नंबर निघाला २७-१८-२८, गणितातला ई म्हणजे २.७१८२८ ना, तोच. आणि त्यांच्या सांगण्यानुसार साधारण पाचातल्या एका तिजोरीचा कारखान्यातला नंबर कोणी बदललेलाच नव्हता. अणुबॉम्बचे कागद ठेवणाऱ्यांची ही तऱ्हा, मग आपण मुलीची जन्मतारीख टाकली तर नवल काय. जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर, मोबाईलचे शेवटचे आकडे, ह्यातलं काहीही नको. कोड डायरीत लिहून ती डायरी टेबलात ठेवली तर परत मोज्यांचाच ड्रॉवर झाला. आणि कीपॅड अधूनमधून कापडाने पुसा, कारण चारच बटणं तेलकट आणि घासलेली दिसली तर निम्मं काम तुम्हीच करून दिलं.

बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या लहान सेफ घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यातल्या बहुतेकांना कुठेतरी, लोगोच्या किंवा रबरी झाकणाच्या मागे, एक चावीचं भोक असतं. बॅटरी गेली तर उघडायला. ती चावी खोक्यातून निघते आणि लोक एकतर खोक्यातच ठेवून देतात, नाहीतर त्याच सेफच्या आत ठेवतात, आणि मग बॅटरी संपली की बाहेर उभे राहून आत चावी आहे आत चावी आहे करतात. ही चावी घरात नकोच, कुठे ठेवायची ते खाली सांगतो.

दुसरा पर्याय अंगावर. कुलूप बदलायचं नसेल आणि चावी वापरायचीच असेल तर ती गाडीच्या आणि घराच्या चावीच्या जुडग्यात कायम तुमच्याबरोबर. दारामागच्या हुकावर अडकवायचं नाही, आल्या आल्या टेबलावर फेकायचं नाही, कुठल्या चावीचा काय टॅग आहे हे लिहायचं नाही. "गन" असा स्टिकर लावलेली चावी मी डोळ्यांनी बघितलीय, वर माणूस म्हणतो गोंधळ होऊ नये म्हणून. सेफच्या बऱ्याच चाव्या लांब आणि दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या असतात, जुडग्यात मावत नाहीत, टोचतात, मग लोक पंधरा दिवसांनी काढून ठेवतात. टोचत असेल तर सरळ नंबरवर जा, कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकण्यापेक्षा बरं. अंघोळीला जाताना, झोपताना काय, तर त्यासाठी नंबरवाली छोटी पण दणकट सेफ, भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने आतून पक्की केलेली. उचलून नेता येते ती सेफ नाही, ती सामानाची पेटी.

बाहेर दाराशी लावतात ना बटणांचे चावीचे छोटे डबे, ते इथे आणू नका. त्यातल्या बऱ्याच डब्यांमध्ये बटणं कुठल्या क्रमाने दाबली ह्याला महत्त्वच नसतं, फक्त कुठली दाबली एवढंच. दहा बटणांतली चार निवडली तर क्रम धरून हजारो कॉम्बिनेशन होतील असं आपल्याला वाटतं, पण क्रम सोडला की उरतात फक्त २१०. एखादा बेरकी माणूस बसून सगळी करून बघेल.

आता डुप्लिकेट चावी. खरा घोळ इथेच आहे, कारण मूळ चावी आपण सांभाळतो आणि दुसरी कुठेतरी ठेवून विसरतो. मी स्वतः मेहुण्याच्या प्रकरणानंतर दुसरी चावी इतकी भारी लपवली की दोन दिवस मलाच सापडेना, शेवटी टूलबॉक्समधल्या खिळ्यांच्या डबीत निघाली. सरळ हिशोब असा की डुप्लिकेट घरात ठेवायचीच नाही, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची, आणि ठशाच्या सेफची चावीपण तिथेच. नातेवाइकाकडे द्यायची असेल तर आधी कायदा बघा, कारण ज्याच्याकडे चावी त्याच्याकडे बंदूक असा अर्थ बऱ्याच ठिकाणी लावतात, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये परवाना नसलेल्या नवरा-बायकोनेसुद्धा चावी कुठे आहे हे माहीत करून घ्यायचं नसतं. कायदा आड येत नसेल तर जाड पाकिटात घाला, चिकटवलेल्या जोडावर सही करा, सहीवरून पारदर्शक टेप मारा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाकीट जसंच्या तसं आहे का बघून या.

चावीवर एक छोटा नंबर कोरलेला असतो तो बघितलाय का कधी? कितीतरी कुलपांच्या बाबतीत त्या नंबरावरून नवीन चावी बनते, मूळ चावी लागतही नाही. तो नंबर वेगळा लिहून लॉकरमध्ये ठेवा आणि सेफच्या दारावर किंवा कुलपाजवळ तोच नंबर छापला असेल तर खरवडून टाका, फक्त वॉरंटीला त्रास होत नाही ना ते आधी विचारून घ्या. आणि चावीचे फोटो नकोत, नव्या सेफच्या आनंदात तर अजिबात नकोत. २००८ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या लोकांनी १९५ फुटांवरून, छतावरून, टेबलावरच्या चाव्यांचा फोटो काढून त्यांचे दाते मोजून दाखवले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवरच्या बॅगांच्या मास्टर चाव्यांचं तसंच झालं, पेपरात छापलेल्या फोटोवरून लोकांनी थ्रीडी प्रिंटरवर चाव्या छापल्या आणि त्या चालल्यापण.

ह्या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे चोराला सेफ दिसलीच नाही तर तो चावी शोधणारच नाही. सेफ येण्याच्या दिवशी तिचं मोठं खोकं चार दिवस बाहेर उभं ठेवू नका, फाडून उलटं करून टाका. घरात कामाला येणाऱ्या प्लंबर, रंगारी ह्यांच्यासमोर ती उघडू नका, खोलीला दार असेल तर लावून घ्या. गाडीवर बंदुकीचे स्टिकर लावून फिरणाऱ्यांना तर काय बोलायचं. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि त्याची चावी ह्याच जुडग्यात नाही, नाहीतर वेगळं कुलूप लावण्यात काय अर्थ. लहान मुलं असतील तर त्यांच्यापासूनही हीच काळजी, आणि मुलं चोरापेक्षा हुशार असतात कारण त्यांच्याकडे दहा मिनिटं नाही, अख्खी सुट्टी असते.

चोर घरात असताना तुम्हीही घरात असलात आणि त्याने धाक दाखवून चावी मागितली तर देऊन टाका. जीव गेल्यावर सेफ शाबूत राहून करायचंय काय.

शेवटी चावी हरवली तर. "असेल कुठेतरी घरात" असं म्हणून आठवडा काढू नका, त्याच दिवशी कुलूप बदलायला माणूस बोलवा आणि तोपर्यंत बंदूक परवानाधारक डीलरकडे किंवा पोलिसांकडे जमा करता येते का ते विचारा. घरफोडी झाली आणि सेफला ओरखडाही नसला तरी आधी चाव्या मोजा, दोन होत्या तर दोन आहेत का. एक कमी भरली तर चोराला त्या दिवशी वेळ पुरला नाही एवढंच, चावी त्याच्याकडे आहे आणि पत्ता त्याला माहीत आहे. पोलिसांना तक्रार देताना चावी गेल्याचंही लिहून घ्या, आणि रात्र पडायच्या आत कुलूप बदला.