पद्मिनीच्या दारांना नवं रेक्झिन

बाबांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन ठणठणीत, पण दारांची आतली पॅनेल पावसाळ्यात पुरीसारखी टम्म फुगलेली.

काच खालीवर करायचं हँडल काढण्यातच अर्धा तास गेला. स्क्रू शोधत बसलो होतो, तो नव्हताच. मागची गोल चकती आत दाबून धरल्यावर दांड्यातली पिन दिसली. बारीक खिळ्याने ती बाहेर ढकलली. मग आईचं जुनं उलथनं घालून क्लिपा एकेक उचकटल्या. (आईला अजून सांगितलेलं नाही.)

आतला हार्डबोर्ड खालून पार भुसा झालेला. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते तळाच्या भोकांतून वाहून जायला हवं. माझी भोकं चिखलाने बुजलेली, आणि पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद कुणीतरी केव्हाच फाडून टाकलेला. तारेने भोकं मोकळी केली तेव्हा कडुलिंबाची पानं निघाली!

जुनं पॅनेल ठेवून 3 मिमी हार्डबोर्डवर आखलं, कापलं, क्लिपांची भोकं पाडली. वर पातळ फोम, त्यावर रेक्झिन. चिकटवायचं सोल्यूशन दोन्हीकडे लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. पहिल्या दाराला घाई केली, फुगे आले, सगळं सोलून पुन्हा. गोलाईवर मागच्या बाजूने कातरे दिले तरच रेक्झिन चुण्या न पडता वळतं. शेवटी नवं प्लास्टिक लावून पॅनेल ठोकली.

मागच्या डाव्या दाराची पिन हरवली. तिथे सध्या कापलेला खिळाच आहे.