मेगा की मिली? एककांच्या या चुका टाळा

आमच्या वर्कशॉपच्या रजिस्टरात एका ओळीखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारून ठेवल्यात. नवीन पोरगं कामाला लागलं की आधी तेच पान दाखवतो. ओळ अशी आहे: ‘पंप मोटर, वाइंडिंग ते बॉडी, २० एम ओहम.’ त्यातला एम स्मॉल काढलाय.

एका सोसायटीची ५ एचपीची मोटर चालू होत नव्हती. आमच्या शिकाऊ मुलाने ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे मोठा रोध मोजणाऱ्या मीटरने, इन्सुलेशन तपासलं. वाइंडिंग म्हणजे आतली तांब्याची गुंडाळी; ती बॉडीपासून जितकी नीट अलग, तितका हा आकडा मोठा. आलं २० मेगाओहम, म्हणजे मोटर ठणठणीत. पण लिहिताना घाई. कॅपिटल एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. स्मॉल एम म्हणजे मिली, हजारावा भाग. दोघांत शंभर कोटी पटींचा फरक! दुसऱ्या पाळीतल्या माणसाने २० मिलिओहम वाचलं, वाइंडिंग बॉडीला लागलंय असं ठरवलं आणि मोटर उतरवून थेट रिवाइंडिंगला धाडली. तिथे चांगली तांब्याची तार कापून नवी भरली गेली. मोटर परत बसवली, बटण दाबलं, तर ढिम्म. जळाली होती स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचची, कॉइल. सोसायटीला चार दिवस टँकर आणि रिवाइंडिंगचं बिल आमच्या बोकांडी.

लिहिणाऱ्यापेक्षा मी वाचणाऱ्यावर जास्त भडकलो. आमच्या मेगरला मिलिओहमची रेंजच नाही, मग हा आकडा आला कुठून? आणि बॉडीला खरंच एवढं शॉर्ट असतं तर चालू करताक्षणी फ्यूज उडाला नसता का? तेव्हापासून आमच्याकडे मेगा आणि मिली पूर्ण अक्षरांत लिहायचं. पुस्तकात अशी पद्धत नाही, ठाऊक आहे. पुस्तक टँकरचे पैसे देत नाही.

दुसरा माझा जुना वैरी म्हणजे ‘किलोवॉट प्रति तास’. छापून आलेलं वाचलं तरी डोकं उठतं. ‘प्रति’ म्हटलं की भागाकार आला, ताशी ४० किलोमीटरसारखा. वीजबिलातलं युनिट हा गुणाकार आहे: किलोवॉट गुणिले तास. २ किलोवॉटचा गीझर १५ मिनिटं चालला की अर्धं युनिट. किलोवॉट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे बादलीत साठलेलं पाणी. ‘सर, हा एसी किती युनिटचा?’ असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, किती तास चालवणार?

बॅटरीवरच्या मिलिअँपिअर-अवरचंही तेच, तोही गुणाकारच. वर त्यात व्होल्टेज धरलेलं नसतं. २०,००० चा पॉवर बँक आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेला असतो, म्हणजे ७४ वॉट-अवर. यूएसबीच्या ५ व्होल्टला हिशेब केला तर १४,८०० च्या वर जाणारच नाही, त्यातही थोडी गळती. दुकानदाराने फसवलं म्हणून भांडायला जाण्याआधी हा गुणाकार करा. विमानात नेतानाही वॉट-अवरच बघतात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. इन्व्हर्टरवरचे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) म्हणजे वॉट नव्हेत. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएतला प्रत्यक्ष वॉटचा वाटा, ०.८ असेल तर ९०० व्हीएवर ७२० वॉटच चालतील. सिरॅमिक कपॅसिटरवर १०४ छापलंय म्हणून १०४ पिकोफॅरड मागू नका. दहावर चार शून्यं, म्हणजे एक लाख पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. पंख्याच्या कंडेन्सरवरच्या (तोही कपॅसिटरच) एमएफडीतला एम मात्र मायक्रोचा, मिलीचा नाही. वर मी एवढं बोललो, तरी ही जुनी सवय कारखान्यांनीच चालू ठेवलीय. कंडक्टन्सच्या (रोधाच्या उलट) सीमेन्सचा एस कॅपिटल, सेकंदाचा स्मॉल.

चुंबकवाले क्षेत्राची तीव्रता गाउसमध्ये बोलतात, कारण आकडा मोठा दिसतो. १०,००० गाउस म्हणजे १ टेस्ला. मोबाइलचं होकायंत्र ४० मायक्रोटेस्ला दाखवत असेल तर ते ०.४ गाउस झालं, पृथ्वीचंच क्षेत्र. मागे एकजण तो आकडा बघून घाबरला आणि शेजारच्या टॉवरचं रेडिएशन म्हणून तक्रार लिहायला बसला. त्याला फोन घेऊन गावाबाहेरच्या माळावर पाठवला. तिथेही आकडा तोच, म्हणाला.