सगळी भुकटी पांढरीच दिसते: अंड्याच्या टरफलांवर काम करताना या चुका टाळा

कॅल्शियम कार्बोनेट पांढरं, ते भाजून होणारा कळीचा चुना पांढरा, पाण्यात विरलेला चुना पांढरा आणि कॅल्शियम फॉस्फेटही पांढरंच. टरफलांच्या कामात माणूस फसतो तो इथे. ‘छान पांढरी झाली, म्हणजे जमलं’ असं म्हणत मी सुरुवातीचे किती तरी प्रयोग वाया घालवले. तराजू शेजारीच होता, पण नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवली.

पहिली चूक धुण्यातली. टरफलात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, पण आतून चिकटलेला पापुद्रा हा प्रथिनांचा, त्यात कोलॅजेनही. तो तसाच ठेवून दळलंत तर पात्यांभोवती चिवट धागे गुंडाळले जातात आणि भाजताना केस जळल्यासारखा वास सुटतो. टरफलं आधी दहा मिनिटं उकळा (साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतोच), वाळवा, जाडसर भरडा आणि भरपूर पाण्यात ढवळा. जड तुकडे तळाशी बसतात, पापुद्र्याचे हलके तुकडे पाण्यात तरंगत राहतात. ते वेगळे काढून ठेवा, टाकू नका. जखमेवरच्या पट्ट्यांपासून गाळण्यांपर्यंत बऱ्याच कामांसाठी या पापुद्र्यावर संशोधन चालू आहे. टरफल तपकिरी आहे म्हणून मात्र घासत बसू नका, तो रंग भट्टीत आपोआप जातो.

आता भाजणं. बहुतेक तक्रारी इथल्याच असतात. कार्बोनेटचा पूर्ण कळीचा चुना व्हायला साधारण ९०० अंश सेल्सिअस लागतात. घरच्या ओव्हनचं किंवा गॅसच्या शेगडीचं हे काम नाही, मफल भट्टीच (प्रयोगशाळेतली बंद विजेची भट्टी) हवी. तरीही लोक मूस काठोकाठ भरतात, वर घट्ट झाकण ठेवतात आणि तासाभरात बाहेर काढतात. वरचा थर शुभ्र दिसतो. मधला एखादा जाड तुकडा मोडून पाहा: आत राखाडी रेघ दिसली तर प्रथिनांचा कोळसा अजून तिथेच आहे, म्हणजे हवा पोचलेली नाही. थर पातळ पसरा, झाकण किलकिलं ठेवा, वेळ वाढवा.

पण राखाडी रेघ नाही म्हणजे काम झालं, असंही नाही. खरी परीक्षा वजनाची. शंभर ग्रॅम शुद्ध कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम चुना उरतो. म्हणून दहा ग्रॅम कोरड्या टरफलांचे साडेपाच ग्रॅमच्या आसपास उरायला हवेत. सात ग्रॅम उरले तर भट्टीत परत घाला. दुसरी खूण अशी: चिमूटभर भुकटी पाण्यात विरू द्या, गार झाली की व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट शिल्लक आहे. पाणी टाकताना चष्मा आणि हातमोजे घाला. चुना विरताना चांगलाच तापतो आणि उडालेला थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो.

इतकं करून भुकटी साध्या बरणीत ठेवली की पुढची चूक झाली. कळीचा चुना हवेतली वाफ ओढून घेतो, मग कार्बन डायऑक्साइडही. काही दिवसांत परत उलट दिशेने कार्बोनेटकडे निघतो. दिसायला काही फरक नाही! फरक कळतो तो या चुन्यात फॉस्फोरिक आम्ल घालून हायड्रॉक्सीॲपेटाईट करायला घेतल्यावर. हाडांतल्या खनिजाशी जवळचं नातं असलेल्या या पदार्थात कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ लागतं. ५६ ग्रॅम चुना पूर्ण विरला की ७४ ग्रॅम होतो. तुम्ही विरलेलीच भुकटी ‘कळीचा चुना’ समजून मोजली तर कॅल्शियम जवळजवळ चतुर्थांश कमी पडतं आणि प्रमाण १.२६ वर घसरतं. मग भट्टीतून भलतंच फॉस्फेट निघतं आणि आपण दोष देतो फॉस्फोरिक आम्लाला. उपाय सोपा आहे: वजन करण्याआधी भुकटी पुन्हा तापवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि लगेच मोजा.

तिथलीच दुसरी घाई म्हणजे आम्ल एकदम ओतणं. थेंब थेंब टाका, सतत ढवळा, सामू (पीएच) १० च्या आसपास राहतोय ना ते पाहत राहा. तो फार खाली गेला की ॲपेटाईटऐवजी ब्रशाइटसारखी आम्लधर्मी फॉस्फेटं तयार होतात. आम्ल संपल्यावर लगेच गाळू नका, रात्रभर मुरू द्या. आणि अशी घरगुती भुकटी दातात किंवा हाडात भरण्याचा विचारही नको. निर्जंतुकता आणि जड धातूंची तपासणी हा वेगळाच मोठा पसारा आहे.

भट्टी नसेल तर टरफल व्हिनेगरमध्ये विरघळवण्याची वाट आहे, तिथे गडबड मापाची होते. पाच ग्रॅमच्या एका टरफलाला पाच टक्क्यांचं व्हिनेगर निदान ११५ मिली लागतं. वाटीभर टरफलांवर अर्धा कप ओतून ‘विरघळत का नाही’ म्हणून वाट पाहू नका. सायट्रिक आम्लात वेगळीच गंमत: कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, ते टरफलावरच बसतं आणि आतला भाग झाकून टाकतं. फेस थांबला म्हणजे टरफल संपलं, असं इथे धरू नका. टरफल आधी बारीक दळा आणि ढवळणं थांबवू नका.

कुंडीत टरफलांचे मोठे तुकडे टाकणाऱ्यांसाठी एवढंच: ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. पिठासारखी भुकटी करा, आणि तीही आम्लधर्मी मातीतच घाला. मुळात चुनखडीच्या जमिनीत तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

राहिलं ब्लीच. वास आणि पापुद्रा घालवायला काही जण टरफलं ब्लीचमध्ये भिजवतात. तीच टरफलं न धुता व्हिनेगरमध्ये गेली तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच वापरलंच तर वास पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा, आणि दोन्ही बाटल्या एकाच वेळी ओट्यावर नकोत.