फॉक्सप्रोमधलं अडतीचं सॉफ्टवेअर विंडोजवरून लिनक्सवर नेताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, गूळ, बेदाण्याच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशोब) ज्या पेढ्यांवर अजून व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेतल्या प्रोग्रॅमवर निघतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. फॉक्सप्रोची ९.० ही शेवटची आवृत्ती, आणि मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये बंद केला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, तो जुन्या मशीनमध्ये बहुधा नसतो. मशीन बदलायचं नसेल आणि प्रोग्रॅमही नव्याने लिहून घ्यायचा नसेल, तर लिनक्स मिंटवर वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून तोच प्रोग्रॅम चालवता येतो. नवा प्रोग्रॅम लिहून घ्यायचाच असेल तर तो नंतर सवडीने घ्या. दोन्ही कामं एकदम काढू नयेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. वाइनमध्ये प्रोग्रॅमची खिडकी पहिल्या दिवशीच उघडते आणि काम झालं असं वाटतं. खरी अडचण पुढे येते: प्रिंटर, मराठी फॉन्ट आणि नेटवर्कवरचं लॉकिंग (एक जण नोंद दुरुस्त करत असताना दुसऱ्याला अडवणं). निम्म्याहून जास्त वेळ या तिघांसाठी राखून ठेवा. मार्चअखेर आणि हळदीचा हंगाम सोडून, पावसाळ्यात आवक उतरल्यावर हे काम काढलेलं बरं.

(खाली आज्ञा, फोल्डर आणि फाइलींची नावं देवनागरीत आहेत, टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत करायची. आज्ञेतलं ‘वाइनप्रिफिक्स’ आणि ‘एलसी_ऑल’ मात्र मोठ्या अक्षरांत.)

आधी काय तपासायचं

प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ‘व्हीएफपी९आर.डीएलएल’ असेल तर तो फॉक्सप्रो ९ चा, ‘व्हीएफपी६आर.डीएलएल’ असेल तर ६ चा. दोन्ही वाइनमध्ये चालतात. काळ्या पडद्यावर चालणारा डॉसचा फॉक्सप्रो असेल तर वाइनचा उपयोग नाही. त्याला डॉसइम्यू२ (लिनक्सवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. तसाच दिसणारा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला आहे, त्यात फाइल लॉकिंग नाही, तेव्हा दोन मशीनवर एकच डेटा वापरणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मशीनच्या मागे यूएसबी किंवा पॅरलल पोर्टला डोंगल (प्रोग्रॅमची नक्कल रोखणारी छोटी किल्ली) लावलेलं आहे का, ते बघा. असेल तर वाइनवर वेळ घालवू नका; व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज बसवून यूएसबी डोंगल आत द्यायचं, त्यासाठी विंडोजचा परवाना वेगळा लागतो. डोंगल नसून प्रोग्रॅम ड्राइव्हचा (व्हॉल्यूमचा) सिरियल नंबर तपासत असेल, तर विंडोजवर ‘व्हॉल सी:’ देऊन नंबर उतरवून घ्या. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात तो भरता येतो. अर्थात, ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याच्याशी आधी बोलून.

डेटा उचलणं

विंडोजवरच, सगळ्यांना बाहेर काढून, प्रोग्रॅममधून पॅक (खोडलेल्या नोंदी कायमच्या काढणं) आणि रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं) करून घ्या. मग पूर्ण फोल्डर कॉपी करा. नुसत्या डीबीएफ (टेबलाच्या) फाइली नेल्या आणि एफपीटी (लांब मजकुराची मेमो फाइल) राहिली तर टेबल मेमो फाइलसाठी अडतं. सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) राहिली तर इंडेक्स सापडत नाही. डेटाबेस कंटेनर (सगळ्या टेबलांना एकत्र बांधणारी फाइल) असेल तर डीबीसी, डीसीटी, डीसीएक्स या तिन्ही एकत्र हव्यात. निघण्यापूर्वी खातेवही, पट्टी आणि माल या टेबलांतल्या नोंदींची संख्या आणि वर्षाची एकूण जमा-नावे कागदावर लिहून ठेवा. पलीकडे पोचल्यावर हेच आकडे जुळवायचे आहेत.

लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. वाइन हा फरक सांभाळून घेतं, पण एकाच फोल्डरमध्ये ‘खाते.डीबीएफ’ ही फाइल एकदा लहान आणि एकदा मोठ्या इंग्रजी अक्षरांत असेल, तर त्यातली कोणती उघडेल याचा नेम नाही. जुन्या बॅकअपवर नवी कॉपी टाकली की हे होतं. म्हणून कॉपी नेहमी रिकाम्या फोल्डरमध्येच.

वाइन बसवणं

फॉक्सप्रो ३२ बिटचा आहे. त्यामुळे ‘डीपीकेजी’ला (लिनक्समध्ये पॅकेज बसवणारं साधन) आय३८६ म्हणजे ३२ बिटचं आर्किटेक्चर जोडून, यादी अपडेट करून, ‘वाइन’सोबत ‘वाइन३२’ हे पॅकेजही घ्यावं लागतं. ते राहिलं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अडतीच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा वाइनप्रिफिक्स (वाइनची विंडोजसारखी जागा) करा, म्हणजे घरच्या फोल्डरमध्ये ‘अडत-वाइन’ नावाचा स्वतंत्र फोल्डर. डेस्कटॉपवरच्या चिन्हाच्या आज्ञेतही ‘वाइनप्रिफिक्स’ लिहायला विसरू नका. विसरलात तर प्रोग्रॅम दुसऱ्याच कोऱ्या प्रिफिक्समध्ये उघडतो, फॉन्ट नाहीत, प्रिंटर नाही, आणि दिवसभर चूक भलतीकडेच शोधली जाते.

प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या रनटाइमच्या फाइली (व्हीएफपी९आर, व्हीएफपी९आरईएनयू, एमएसव्हीसीआर७१) एक्झीच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या तरी चालतं. रिपोर्टचा प्रिव्ह्यू कोरा किंवा वेडावाकडा आला तर वाइनट्रिक्समधून (विंडोजचे भाग वाइनमध्ये बसवणारं साधन) जीडीआयप्लस हा चित्रणाचा भाग टाकून बघा. प्रोग्रॅममध्ये ‘डी:\अडत’ असा पक्का रस्ता लिहिलेला असेल, तर वाइनच्या ड्राइव्हमध्ये डी: हे अक्षर डेटाच्या लिनक्स फोल्डरकडे वळवा. प्रोग्रॅमला हात लावायची गरज नाही.

मराठी फॉन्ट

जुन्या प्रोग्रॅममधली शेतकऱ्यांची नावं युनिकोडमध्ये नसतात. ती इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फॉन्टमध्ये असतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या टीटीएफ फाइली प्रिफिक्समधल्या ‘विंडोज/फॉन्ट्स’मध्ये टाका. नावांऐवजी इंग्रजी अगम्य अक्षरं दिसली तर फॉन्ट पोचलेला नाही. काही अक्षरं बरोबर आणि जोडाक्षरं, मात्रा बिघडलेल्या दिसल्या तर गडबड भाषेच्या सेटिंगमध्ये आहे. मशीनची भाषा ‘मराठी’ निवडावीशी वाटते, पण निवडू नका. देवनागरी भाषांना विंडोजचं जुन्या पद्धतीचं कोडपेज (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याचा तक्ता) नाही. प्रोग्रॅमला १२५२ हे कोडपेज लागतं, ते ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवल्यावर मिळतं. चिन्हाच्या आज्ञेत ‘एलसी_ऑल’ म्हणून तेच लिहून टाका.

नावं युनिकोडमध्ये बदलायचा मोह आवरा. फॉक्सप्रोच्या पडद्यावर युनिकोड देवनागरी दिसत नाही. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे ३० रुंदीच्या रकान्यात १० चिन्हं बसतील, मात्रा धरून. टायपिंगसाठी वेगळा कीबोर्ड ड्रायव्हर वापरत असाल तर तो वाइनमध्ये चालेल याच्या भरवशावर राहू नका. पहिल्याच दिवशी एक नवं खातं टाइप करून बघा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर

पट्टी छापणारे बहुतेक प्रोग्रॅम ड्रायव्हरच्या भानगडीत न पडता थेट एलपीटी१ (विंडोजमधलं प्रिंटर पोर्टचं नाव) वर मजकूर आणि एस्केप कोड (ठळक, बारीक वगैरे प्रिंटरला द्यायच्या सूचना) पाठवतात. लिनक्समध्ये यूएसबी प्रिंटर ‘/डेव्ह/यूएसबी/एलपी०’ असा दिसतो, पॅरलल पोर्टचा ‘/डेव्ह/एलपी०’. वापरणाऱ्याला ‘एलपी’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर परवानगी लागू होत नाही. मग वाइनच्या रजिस्ट्रीत ‘एचकेईवाय_लोकल_मशीन\सॉफ्टवेअर\वाइन\पोर्ट्स’ इथे एलपीटी१ नावाने हा रस्ता लिहा आणि वाइनसर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा.

छपाई होत नसेल तर आधी टर्मिनलमधून एक साधी मजकूर फाइल त्या डिव्हाइसवर थेट पाठवा. ती छापली गेली तर दोष वाइनच्या सेटिंगमध्ये. ती छापलीच नाही तर केबल, परवानगी किंवा कप्स (लिनक्सची छपाई यंत्रणा). कप्समध्ये तोच प्रिंटर जोडलेला असला की तिथून छापताना यूएसबीचा ताबा कप्स घेतं आणि ‘एलपी०’ नाहीसा होतो. डॉट मॅट्रिक्स कप्समधून काढून टाका. लेझर तिथे राहू द्या. दोन यूएसबी प्रिंटर असतील तर ० आणि १ यांची अदलाबदल होते, त्यासाठी यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांना नावं देणारी यंत्रणा) नियम लिहून पक्कं नाव द्या.

दोन-तीन मशीन असतील तर

इंडेक्स खराब होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ऑपलॉक. यात मशीन फाइलीचा भाग स्वतःजवळ धरून ठेवतं आणि दुसऱ्याला जुनंच दिसतं. मुख्य मशीनवर सांबाच्या (लिनक्सवरून फोल्डर नेटवर्कवर वाटणारं सॉफ्टवेअर) त्या डेटाच्या शेअरमध्ये ‘ऑपलॉक्स’ आणि ‘लेव्हल२ ऑपलॉक्स’ दोन्ही ‘नो’ करा. बाकीच्या लिनक्स मशीनवर शेअर फाइल मॅनेजरमधून उघडून चालत नाही. तो ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना जोडायच्या ड्राइव्हची यादी) सीआयएफएस म्हणून माउंट करा म्हणजे जोडा, ‘कॅश=नन’ द्या. इंटरनेटवरच्या नमुन्यांत ‘नोबीआरएल’ हा पर्याय सर्रास दिसतो. तो असेल तर काढा, कारण त्याने नोंदीचं लॉक मुख्य मशीनपर्यंत जातच नाही. ‘नोफेल’ मात्र ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर मुख्य मशीन उशिरा सुरू झालं तरी बाकीची अडकून बसणार नाहीत.

चाचणी सोपी आहे. एकाच शेतकऱ्याचं खातं दोन मशीनवर दुरुस्तीसाठी उघडा. दुसऱ्याला ‘नोंद वापरात आहे’ असा संदेश आलाच पाहिजे. दोघांनाही दुरुस्ती करता आली तर तिथेच थांबा, एकही पट्टी टाकू नका. मुख्य मशीनला यूपीएस हवाच. टेबल उघडं असताना वीज गेली की डीबीएफच्या हेडरमधली संख्या मागे राहते आणि शेवटच्या नोंदी दिसेनाशा होतात.

सगळं जुळल्यावर, पुढच्या मशीनवर पुन्हा पहिल्यापासून बसवत बसू नका. प्रिफिक्सचा फोल्डर टार करून (एका फाइलीत बांधून) न्या, वापरकर्त्याचं नाव दोन्हीकडे सारखंच ठेवा. पेनड्राइव्हवर फोल्डर नुसता कॉपी केला तर ड्राइव्हच्या अक्षरांचे दुवे वाटेतच गळतात.